निरंक: उच्च शिक्षण मंत्र्यांना एक खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य
आणि राज्यातील सर्व सार्वजनिक विद्यापीठांचे मा. कुलगुरू

विषय: महाविद्यालयांच्या आवारातले गुन्हे व तक्रारी यांची नोंद आणि त्यावरील शासनाची देखरेख याबाबत.

महोदय,

कार्यालयात ज्यांनी कधी काम केलेलं नाही, त्यांना 'निरंक' हा शब्द कदाचित माहीत नसेल. विवरणपत्रातला रकाना कोरा सोडायचा नसतो. भरायला काही नसेल, तर तिथे निरंक लिहायचं. मी एका अनुदानित महाविद्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि ३१ वर्षांनी कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं दर साली दोन विवरणपत्रांत मी हा शब्द टाइप केला. एक रॅगिंगचं, दुसरं लैंगिक छळाच्या तक्रारींचं. दुसरं काही लिहायची वेळ एकदाही आली नाही. म्हणजे आली होती, पण लिहिलं नाही. चार हजारांवर विद्यार्थी, सकाळ-दुपार दोन पाळ्या, मुलींचं वसतिगृह, एस.टी. स्टँडवरून आत येणारा दिवे नसलेला रस्ता, आणि सगळी वर्षं निरंक.

पत्र लिहायला निमित्त घरचं झालं. माझ्या भाचीच्या मुलीला या जूनमध्ये पुण्यात प्रवेश मिळाला. भाची म्हणाली, "मावशी, तू कॉलेजातच होतीस, जरा बघ ना कसं आहे ते." मी वेबसाइट उघडली. प्लेसमेंटची पानंच्या पानं, गॅदरिंगचे फोटो, पाहुण्यांचे सत्कार. अंतर्गत तक्रार समिती, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी समिती, शोधायला बराच वेळ गेला, ती 'इतर' या टॅबखाली होती. सात नावं. एका मोबाइल क्रमांकात नऊच आकडे. दुसरा लागला. पलीकडचे सर सज्जन होते, म्हणाले, "अहो, मी तीन वर्षांपूर्वीच रिटायर झालो. अजून माझं नाव आहे का तिथे?" त्याच पानावर खाली एक ओळ होती: गेल्या पाच वर्षांतील तक्रारी, निरंक. ती वाचून भाचीला हायसं वाटलं. मला वाटलं नाही, कारण ही ओळ कशी तयार होते ते मी जवळून पाहिलं आहे.

एका पावसाळ्यातली गोष्ट. पहिल्या वर्षाची, बी.एस्सी.ची मुलगी आमच्या खिडकीशी आली. सोबत मैत्रीण. हातात जर्नलचं फाडलेलं पान होतं, एका बाजूला रेघा आणि दुसरी बाजू कोरी. रेघांच्या बाजूला प्रयोगशाळेतल्या एका कर्मचाऱ्याबद्दल लिहिलं होतं. प्रॅक्टिकलच्या वेळी मागे येऊन उभे राहतात, हात लावतात, रात्री मेसेज करतात. तारखा होत्या. मैत्रिणीची साक्षीदार म्हणून सही होती. इतका नीट अर्ज मला प्राध्यापकांकडूनही क्वचित मिळायचा. मी आवक नोंदवही ओढली, शिक्का पॅडवर टेकवला, तेवढ्यात शिपाई आला. "मॅडम, सरांनी कागद घेऊन आत बोलावलंय."

मुलगी आधी वर्गशिक्षिकेला भेटली होती, त्यामुळे बातमी आत पोचलेली होती. प्राचार्य सर रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "आवक नका करू अजून. नॅकची टीम पाच आठवड्यांवर आहे. आपण आधी समजून घेऊ." नॅक म्हणजे महाविद्यालयाचं मूल्यांकन करून दर्जा देणारी संस्था. कागद ड्रॉवरमध्ये गेला. ज्या कागदाला आवक क्रमांक नाही, तो कागद कार्यालयात आलेलाच नसतो. हे मी ज्युनियर क्लार्कांना शिकवायचे, टपाल हरवू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी आईवडील गावाहून आले. वडिलांना खुर्ची दिली तरी ते उभेच. आईने सगळ्या बोलण्यात एकच प्रश्न विचारला, "दाखल्यावर याचं काही येणार नाही ना?" नाही आलं. दाखला मीच तयार केला. वर्तणूक: चांगली. कारण: पालकांच्या विनंतीवरून. शेरा या रकान्यात मी आडवी रेघ मारली. त्या कर्मचाऱ्याची जिमखान्यात बदली झाली. जिमखान्यात! आणि वर्षअखेरीला विवरणपत्र गेलं, त्यावर सही प्राचार्यांची, पण खालच्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची म्हणून आद्याक्षरं माझी.

म्हणून हे पत्र मी फिर्यादी म्हणून लिहीत नाही, साक्षीदार म्हणून लिहिते. थोडीफार आरोपी म्हणूनही. आता मुद्दे, जमेल तसे क्रमाने.

पहिला मुद्दा तुमच्या खात्याच्या देखरेखीचा. ती काय असते ते एका फोनवरून सांगते. एका वर्षी आमचं विवरणपत्र पाठवायचं राहिलं. वरच्या कार्यालयातून फोन आला: "मॅडम, तुमचं निरंक अजून आलं नाही. आज पाचच्या आत पाठवा." तक्रारी किती, असं त्यांनी विचारलं नाही. निरंक येणार हे दोन्ही बाजूंनी गृहीत होतं. इतक्या वर्षांत 'चार हजार मुलं आणि एकही तक्रार नाही, हे कसं?' असं विचारणारा एकही अधिकारी मला भेटला नाही. ग्रंथालयात पुस्तकं कमी भरली तर शेरा येतो. संलग्नतेसाठी विद्यापीठाची समिती येते, तेव्हा स्वच्छतागृहं मोजते, अग्निशामक नळकांड्यांच्या तारखा पाहते. समितीची फाइल मागते आणि फाइल आहे हे पाहून परत देते. उघडून पाहणारं कोणी आलं नाही. केंद्राच्या २०२१-२२ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात ४,६९२ महाविद्यालयं मोजली गेली. त्यांतल्या कितींनी निरंक पाठवलं, हा एक आकडा तरी आपण जाहीर करावा. तो राज्यातल्या प्रत्येक पालकाने पाहण्यासारखा असेल.

दुसरा मुद्दा. कायदे नाहीत असं कुणी म्हणू नये. रॅगिंगविरुद्धचा आपल्या राज्याचा कायदा १९९९ चा आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची, तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली, तर प्रमुखानेच गुन्ह्याला साथ दिली असं धरायचं, इतकं कडक कलम त्यात आहे. २००९ मध्ये हिमाचलातल्या टांडा इथे अमन कचरू हा वैद्यकीयचा विद्यार्थी रॅगिंगमध्ये गेला, त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले. त्यात तर चोवीस तासांत एफ.आय.आर. करायला सांगितलं आहे. पुढे २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा, २०१५ चे आयोगाचे नियम. समितीत विद्यार्थी प्रतिनिधी हवेत, बाहेरची व्यक्ती हवी, कुलसचिव किंवा विभागप्रमुख नकोत, चौकशी ९० दिवसांत हवी, हे सगळं छापील आहे. आमच्याकडे तिला अजून, जुन्या विशाखा खटल्याच्या निकालावरून, 'विशाखा समिती'च म्हणतात. बाहेरच्या सदस्य म्हणून ज्या बाई होत्या, त्यांची सही घ्यायला शिपाई स्कूटरवर त्यांच्या घरी जायचा. मी असेपर्यंत त्यांनी महाविद्यालय आतून पाहिलं होतं का, मला शंका आहे.

या सगळ्यात एक गाठ आहे आणि ती सोडवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तक्रार वर कळवायची जबाबदारी ज्याच्यावर, तक्रार कळवल्याने नुकसानही त्याचंच. मूल्यांकन, प्रवेश, संस्थाचालकांची मर्जी, स्थानिक पेपरातली बातमी, सगळं प्राचार्यांच्या माथी. आमचे सर वाईट नव्हते. गरीब मुलांची फी त्यांनी खिशातून भरलेली मी पाहिली आहे. व्यवस्थेनेच त्यांना ड्रॉवर उघडायला शिकवलं होतं.

तिसरा मुद्दा गुप्ततेचा. आकडे मागितले की उत्तर ठरलेलं, "मॅडम, कॉन्फिडेन्शियल असतं." २०१३ च्या कायद्याचं कलम १६ गुप्तता सांगतं, खरं आहे. पण त्याच कलमाच्या परंतुकात म्हटलं आहे की पीडितेचं नाव, पत्ता, ओळख उघड न करता मिळालेल्या न्यायाची माहिती देता येते. मुलीचं नाव झाकण्यासाठी केलेलं कलम महाविद्यालयाचं नाव झाकायला वापरलं जातं. किती तक्रारी आल्या, किती मागे घेतल्या, किती दिवस लागले, यात कुणाचं नाव येतं?

चौथा मुद्दा थोडक्यात. आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग बऱ्याच ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयाच्याच इमारतीत भरतात. ही मुलं अठरा वर्षांखालची. त्यांच्या बाबतीत 'आपण आधी समजून घेऊ' हा पर्यायच कायद्यात नाही. पॉक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवलंच पाहिजे, न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मी कार्यालयात होते तोवर या कलमाचं एकही प्रशिक्षण झालं नाही. बायोमेट्रिक हजेरीचं मात्र तीनदा झालं.

पाचवा मुद्दा वसतिगृहांचा, आणि इथे आपण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकत नाही. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या शासकीय मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीवर अत्याचार करून तिचा खून झाला. ती अकोल्याहून शिकायला आली होती. संशय होता तो वसतिगृहातच काम करणाऱ्या माणसावर, आणि त्याच दिवशी रेल्वे रुळांवर त्याचाही मृतदेह सापडला. वसतिगृह सरकारचं, माणूस आतला. रात्री कोण आत असतं, त्याची पडताळणी कुणी केली, मुलींनी कुणाबद्दल तोंडी काही सांगितलं तर ते लिहून कोण घेतं, हे प्रश्न तेव्हा महिनाभर विचारले गेले. मला चौथा प्रश्न विचारायचा आहे: आज राज्यातल्या एखाद्या शासकीय वसतिगृहात जाऊन मी तक्रारींची नोंदवही मागितली, तर काय दाखवलं जाईल? तक्रारपेटी दाखवतील. आमचीही होती. प्राचार्यांच्या केबिनच्या दाराशेजारी, बरोबर कॅमेऱ्याखाली. वर्षातून एकदा उघडायचो. बसची तिकिटं आणि चॉकलेटचे कागद निघायचे.

समिती असून काय होतं, ते ओडिशात दिसलं. बालासोरच्या एका सरकारी महाविद्यालयातल्या बी.एड.च्या विद्यार्थिनीने विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली होती. समितीपुढे गेली होती. १२ जुलै २०२५ ला तिने महाविद्यालयाच्या आवारातच स्वतःला पेटवून घेतलं आणि दोन दिवसांनी ती गेली. त्यानंतर त्या राज्यात फर्मान निघालं, जिथे समिती नाही तिथे चोवीस तासांत स्थापन करा. चोवीस तासांत स्थापन झालेली समिती कशी असते ते मला विचारा. गेल्या वर्षीच्या आदेशावर तारीख बदलायची, दोन नावं बदलायची आणि झेरॉक्स काढायची. पंधरा मिनिटं पुरतात.

आता एक दूरचं उदाहरण. माझा पुतण्या अमेरिकेत एम.एस.ला गेला. पहिल्याच महिन्यात त्याने घरच्या ग्रुपवर विद्यापीठाचा ईमेल टाकला: काल रात्री अमुक पार्किंगजवळ एकाला लुटलं, सावध राहा. आठवड्याने आणखी एक. माझी जाऊ घाबरली. कसल्या कॉलेजात घातलं आपण पोराला! त्याने मला समजावलं, काकू, हे सगळीकडे होतं, इथे सांगावं लागतं. १९८६ मध्ये पेनसिल्वेनियातल्या लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या मुलीचा तिच्याच खोलीत खून झाला. आईवडिलांनी पिच्छा पुरवला आणि १९९० मध्ये तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्याप्रमाणे ज्या विद्यापीठाला स्वतःचे पोलीस किंवा सुरक्षा विभाग आहे, त्याने रोजची गुन्ह्यांची नोंदवही ठेवायची, गुन्हा कळल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत नोंद करायची, आणि कुणीही मागितली तर ती दाखवायची. मागच्या तीन वर्षांचे आकडे दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सगळ्यांनीच जाहीर करायचे. धोका चालू असेल तर लगेच इशारा द्यायचा.

तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. लपवाछपवी तिथेही चालते. फरक एवढाच की लपवलेलं सापडलं तर केंद्र सरकार दंड करतं. मिशिगन स्टेट विद्यापीठाला २०१९ मध्ये ४५ लाख डॉलर, लिबर्टी विद्यापीठाला २०२४ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलर. आपल्या २०१३ च्या कायद्यात ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तो राज्यातल्या किती महाविद्यालयांना आजवर झाला, मंत्रिमहोदय? मला माझ्या ओळखीतलं एकही आठवत नाही.

आक्षेप येणार हे ठाऊक आहे. नोंदी वाढल्या की खोट्या तक्रारी वाढतील, निरपराध माणसं भरडली जातील, असं स्टाफरूममध्ये पहिल्या पाच मिनिटांत ऐकायला मिळेल. त्यांना शेजारच्या गोव्याचं उदाहरण द्यावं. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखांची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ ला रद्द केली, कारण चौकशी घाईत उरकली आणि त्यांना बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. प्रकरण पुन्हा चौकशीला पाठवलं. त्याच निकालात न्यायालयाने देशभरातल्या विद्यापीठांसह सगळ्या संस्थांत समित्या खरोखर आहेत का, हे तपासायला सांगितलं. कच्च्या समितीत तक्रार करणारीही अडकते आणि ज्याच्यावर आरोप आहे तोही. तारीख-क्रमांकासह नोंद दोघांच्याही कामी येते.

तेव्हा माझ्या मागण्या अशा.

एक. प्रत्येक तक्रारीला जागच्या जागी आवक क्रमांक. तोंडी असेल तर लिहून घेऊन. नोंद राज्याच्या एकाच ऑनलाइन नोंदवहीत, जी महाविद्यालयाला खोडता येणार नाही, आणि क्रमांक त्याच क्षणी विद्यार्थ्याच्या मोबाइलवर. शिष्यवृत्तीच्या अर्जाला महाडीबीटीवर क्रमांक मिळतो, तर याला का नाही? सगळ्या मागण्यांतली एकच मान्य करणार असाल तर ही करा.

दोन. विवरणपत्रात दोन रकाने वाढवा: 'मागे घेतलेल्या तक्रारी' आणि 'तक्रारदाराने वर्षभरात दाखला नेला का'. हे दोन रकाने त्या वर्षी असते, तर मला रेघ मारून सुटता आलं नसतं.

तीन. उच्च शिक्षण सहसंचालकांनी दर सहा महिन्यांनी महाविद्यालयांचे आकडे हद्दीतल्या पोलीस ठाण्याच्या आकड्यांशी ताडून पाहावेत आणि सलग तीन वर्षं निरंक पाठवणाऱ्या मोठ्या महाविद्यालयात न कळवता जावं. मुलींशी बोलताना प्राचार्य आणि संस्थेचे लोक खोलीत नसावेत. चहा-नाश्ता घेऊ नये, एवढंही आदेशात लिहिलंत तर बरं.

चार. नावाशिवायचे आकडे दर वर्षी प्रवेश सुरू होण्याआधी प्रत्येक महाविद्यालयाच्या वेबसाइटवर पहिल्या पानावर. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ स्वतःहून माहिती द्यायला सांगतंच, नवा कायदा करायची वाट पाहायला नको.

पाच. तक्रारी नोंदवल्या म्हणून कुणाचं मूल्यांकन किंवा संलग्नता अडणार नाही, असं लेखी परिपत्रक काढा. दडवल्या तर अडेल, हेही त्यातच लिहा. दडवल्याबद्दल कारवाई झालेल्या संस्थांची यादी प्रसिद्ध करा.

सहा. शासकीय, संस्थेच्या आणि खाजगी वसतिगृहांतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी, ठेकेदाराच्या माणसांसह. पुणे, लातूर, छत्रपती संभाजीनगर इथे घरोघरी चालणाऱ्या पेइंग गेस्टच्या खोल्यांची निदान नोंदणी तरी.

ती मुलगी पुढे काय करते, मी कधी शोधलं नाही. शोधायचा मला काय अधिकार? दोन वर्षांपूर्वी बाजारात तिची मैत्रीण दिसली, सही करणारी. तिने मला ओळखलं. मीही ओळखलं. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि भाजीवाल्याकडे वळली.

पत्र स्पीड पोस्टाने मंत्रालयात पाठवत आहे (रजिस्टर पोस्ट आता त्यातच विलीन केलंय म्हणे), प्रत सर्व कुलगुरूंना. आपल्या कार्यालयाने त्यावर आवक क्रमांक टाकावा आणि तो मला कळवावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त कार्यालय अधीक्षक